इन्कमटॅक्स रिफंडचा मेल आलाय? लिंक दाबायच्या आधी हे वाचा

जुलै उजाडला की आमच्या ऑफिसात रिटर्न भरायची गर्दी सुरू होते आणि तिच्या मागोमाग मोबाईल पुढे धरून "अहो, हे खरंय का बघा ना" म्हणणाऱ्यांची रांग लागते. त्यात रिटायर्ड शिक्षक असतात, किराणा दुकानदार असतात, पहिली नोकरी लागलेली पोरं असतात, आणि परवाच एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ पण आले होते. त्यामुळे शिकलेली माणसं फसत नाहीत हा समज आधी डोक्यातून काढा. फसवणारा तुम्हाला ओळखत नसतो, तो रिटर्नच्या सीझनला लाखो लोकांना एकच मेल पाठवतो, आणि त्यातल्या ज्यांनी नुकतंच रिटर्न भरलंय आणि जे खरोखर रिफंडची वाट बघतायत त्यांना तो मेल अगदी आपल्यासाठीच आल्यासारखा वाटतो.

पूर्वी आम्ही सांगायचो की इंग्रजी चुकीचं असेल, स्पेलिंग गंडलेलं असेल तर मेल खोटा. आता तो सल्ला देऊ नका कुणाला. एआय वापरून स्वच्छ इंग्रजी, आणि हल्ली तर बऱ्यापैकी मराठी पण लिहून मिळतं, लोगो हुबेहूब असतो, खाली सही-शिक्का असतो. म्हणून मेल खरा दिसतो का हे बघत बसण्यापेक्षा तो मला काय करायला लावतोय ते बघायचं. लिंक दाब, फाईल उघड, या नंबरवर फोन कर, किंवा पैसे नाहीतर माहिती दे, यातलं काही सांगत असेल तर ते काम त्या मेलमधून करायचंच नाही. खरंच करायचं असेल तर मेल बंद करायचा आणि आपल्या नेहमीच्या वाटेने जायचं, म्हणजे स्वतः पत्ता टाईप करून साईट उघडायची, बँकेचं स्वतःचं ॲप उघडायचं, नाहीतर कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावायचा. ही एक सवय लागली तर मेल खरा का खोटा हे नाही ओळखता आलं तरी फारसं बिघडत नाही.

एक मेसेज जवळून बघू

२०२३ च्या रिटर्न सीझनला एक मेसेज प्रचंड फिरला होता. तुमचा १५,४९० रुपयांचा इन्कमटॅक्स रिफंड मंजूर झालाय, रक्कम लवकरच जमा होईल, कृपया तुमचा खाते क्रमांक तपासा, आणि पुढे मधले आकडे झाकलेला एक खाते क्रमांक. हा चुकीचा असेल तर खालच्या लिंकवर जाऊन दुरुस्त करा. पीआयबी फॅक्ट चेकने, म्हणजे व्हायरल दावे तपासणाऱ्या सरकारी कक्षाने, तो खोटा असल्याचं जाहीर केलं, तरी तशाच साच्यातले मेल आणि मेसेज दर वर्षी नव्या रकमेने येतात.

यात काय काय केलंय ते नीट बघा. रक्कम लाखात नाही, अगदी पटेल अशी आहे, आणि गोल आकडा नाही त्यामुळे ती कुणीतरी हिशेब करून काढल्यासारखी वाटते. पण खरी मेख त्या खाते क्रमांकात आहे. तो तुमचा नसणारच, मुद्दाम चुकीचा टाकलेला असतो. तुम्ही तो वाचता आणि पोटात गोळा येतो की अरे माझे पैसे दुसऱ्याच्या खात्यात चाललेत, आणि ते थांबवायला तुम्ही स्वतःहून लिंक दाबता. म्हणजे इथे हावरटपणाचा काही संबंध नाही, स्वतःचे हक्काचे पैसे वाचवायच्या धडपडीत माणूस अडकतो. म्हणूनच फसलेल्या माणसाला "एवढा कसा भुललास" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आता खरं काय होतं ते सांगतो, कारण खरी पद्धत माहीत असली की खोटी लगेच खुपते. रिफंड फक्त त्याच बँक खात्यात येतो जे तुम्ही ई-फायलिंग पोर्टलवर आधीच प्री-व्हॅलिडेट करून, म्हणजे पडताळून, ठेवलंय. खातं बंद पडलं, आयएफएससी बदलला वगैरे कारणाने रिफंड अडकला तर तुम्ही स्वतः लॉगिन करून रिफंड री-इश्यूची रिक्वेस्ट टाकायची असते. डिपार्टमेंट मेलवरून कार्ड नंबर, सीव्हीव्ही, एटीएम पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड, ओटीपी यातलं काहीच कधीही मागत नाही.

आता खरे मेल येतच नाहीत असं नाही, तिथेच गोंधळ होतो. रिटर्न प्रोसेस झालं की कलम १४३(१) ची इंटिमेशन मेलवरच येते, पीडीएफला पासवर्ड असतो आणि तो म्हणजे तुमचा पॅन लहान अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख. तो मेल आला तरी माझा सल्ला तोच, पोर्टलवर लॉगिन करा, तीच इंटिमेशन तुमच्या खात्यात दिसते. नोटीस असेल तर आणखी एक पक्की कसोटी आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून डिपार्टमेंटच्या पत्रांवर डीआयएन नावाचा नंबर असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, नोटीस खरी आहे का तपासायची सोय आहे, तिथे तो नंबर आणि मोबाईलवरचा ओटीपी टाकला की लगेच कळतं. नोटिशीचं नाव ऐकून घाम फुटतो लोकांना, पण ही तपासणी दोन मिनिटांत होते आणि त्याला कुणा एजंटची गरज नाही.

पाठवणाऱ्याचा पत्ता आणि लिंक कशी वाचायची

मोबाईलवर मेल उघडला की वर फक्त नाव दिसतं, "इन्कमटॅक्स डिपार्टमेंट" किंवा तुमच्या बँकेचं. हे नाव पाठवणारा स्वतः टाईप करतो, काहीही टाकता येतं. म्हणून जीमेलमध्ये नावाखाली जिथे "टू मी" लिहिलेलं असतं तिथे बोट लावा, खाली पूर्ण पत्ता उघडतो. ॲट चिन्हाच्या पुढे जे आहे ते डोमेन, आपल्याला बघायचंय ते तेवढंच, ॲटच्या आधी काय लिहिलंय त्याला काडीची किंमत नाही.

डोमेन उजवीकडून डावीकडे वाचायचं, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला शिकवा. उजवीकडून आधी शेवटचा तुकडा, मग त्याच्या डावीकडचा. समजा लिंकमध्ये लिहिलंय "इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-चेक डॉट टॉप". डावीकडून वाचणाऱ्याला सुरुवातीचं सरकारी नाव दिसतं आणि तो निर्धास्त होतो. पण मालक कोण तर उजवीकडचे शेवटचे दोन तुकडे, म्हणजे रिफंड-चेक डॉट टॉप, ज्याचा सरकारशी काही संबंध नाही. त्याच्या डावीकडे मालक वाट्टेल ते जोडू शकतो. हे वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपाशी थांबायचं, त्याच्या पुढचं फक्त पानाचं नाव असतं. खरं सरकारी असेल तर "गव्ह डॉट इन" हे तिरक्या रेघेच्या अगदी लगेच आधी, सगळ्यात शेवटी येतं, आणि ते खाजगी माणसाला विकत मिळत नाही. मध्ये डॉटऐवजी डॅश असेल, म्हणजे गव्ह-इन आणि पुढे काहीतरी डॉट कॉम, तर ते खोटं.

अक्षरांची पण गंमत करतात. इंग्रजी आर आणि एन लागून लिहिले की एम दिसतो, एलच्या जागी एक आकडा, ओच्या जागी शून्य. छोट्या स्क्रीनवर हे डोळ्यांना दिसतच नाही, आणि म्हणून मी म्हणतो की पत्ता तपासणं ही संशय घ्यायची पायरी आहे, विश्वास ठेवायची नाही. पत्ता चुकीचा असेल तर मेल खोटा हे नक्की, पण पत्ता बरोबर असला म्हणून मेल खरा असं नाही, कारण पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट टाकता येतो आणि खऱ्या माणसाचं खातं हॅक करून पण मेल पाठवतात.

बनावट पत्ता पकडायचा असेल तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" आहे. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी दिसतात आणि पुढे पास किंवा फेल. नाव बँकेचं आणि डीमार्क फेल असेल तर तो मेल सरळ रिपोर्ट फिशिंग करा. तिन्ही पास असले तर एवढंच सिद्ध होतं की मेल त्या डोमेनवरूनच आलाय, ते डोमेन प्रामाणिक माणसाचं आहे हे सिद्ध होत नाही.

लिंकवर बोट दाबून धरलं की खरा पत्ता वर येतो, कॉम्प्युटरवर नुसता माऊस नेला की खालच्या कोपऱ्यात दिसतो. निळ्या अक्षरांत जे लिहिलंय ते आणि खालचा पत्ता वेगळा असेल तर विषय संपला. लिंक छोटी केलेली असेल किंवा क्यूआर कोड असेल तर तिला हातच लावू नका. क्यूआर हल्ली मुद्दाम देतात, कारण डोळ्यांना त्यात पत्ता वाचता येत नाही. आणि कुलपाचं चिन्ह दिसतंय म्हणजे साईट सेफ असं बरेच जण मानतात, ते चूक आहे. कुलूप म्हणजे तुमचं आणि त्या साईटचं बोलणं मधल्यामध्ये कुणी ऐकत नाही एवढंच, समोर चोर बसलाय का साव हे कुलूप सांगत नाही.

बँकांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झालीय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "बँक डॉट इन" या खास डोमेनवर जायला सांगितलं. उदाहरणार्थ स्टेट बँकेची साईट आता एसबीआय डॉट बँक डॉट इन अशी आहे. हे डोमेन फक्त बँकांनाच मिळतं. तेव्हा आपल्या बँकेची नवी साईट एकदा नीट उघडून ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा आणि तिथूनच जा. गुगलवर बँकेचं नाव टाकून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करायची किंवा कस्टमर केअरचा नंबर सर्च करून फोन लावायची सवय मात्र सोडा, फसव्या लोकांनी स्वतःचे नंबर तिथे पेरून ठेवलेले असतात.

फाईल जोडलेली असेल तर

बिल, कुरिअरची पावती, ऑर्डर, नोटीस, बायोडेटा, काही नाव असू दे. आपण ज्याची वाट बघत नव्हतो ती फाईल उघडायची नाही. एचटीएमएल फाईल असेल तर ती म्हणजे मेलमधूनच उघडणारं खोटं लॉगिन पान असण्याची दाट शक्यता. झिप फाईल आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असेल तर तो पासवर्ड तुमच्या सुरक्षेसाठी नाही, मेल सर्व्हरच्या व्हायरस तपासणीला आत बघता येऊ नये म्हणून असतो. वर्डची किंवा एक्सेलची फाईल उघडल्यावर "एनेबल कंटेंट" दाबा म्हणत असेल तर दाबू नका. आणि फाईल बघायला पुन्हा गुगलचा किंवा मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा.

मोबाईलवर एपीके, म्हणजे प्ले स्टोअर सोडून थेट ॲप टाकायची फाईल, हा सगळ्यात वाईट प्रकार. आरटीओ चलन, लग्नपत्रिका, पीएम किसान, बँकेचं केवायसी अशा नावाने व्हॉट्सॲपवर येते, आणि बऱ्याचदा ओळखीच्या माणसाच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. एकदा इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी तुम्ही कुणाला सांगायची गरजच उरत नाही, तो परस्पर जातो. गावाकडे हा प्रकार फार वाढलाय आणि घरात एकच स्मार्टफोन असतो, त्यावर पोरं गेम खेळतात आणि त्यातच बँकेचं ॲप. प्ले स्टोअरच्या बाहेरचं काहीही टाकायचं नाही हे पोरांनाच समजावून सांगा, ती घरातल्या मोठ्यांना सांगतात.

बाकीचे प्रकार, थोडक्यात

लाईट बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कट, या नंबरवर फोन करा. पार्सलचा पत्ता अपुरा आहे, पंचवीस रुपये भरा. ई-पॅन डाऊनलोड करा, हा मेल पॅन २.० या सरकारी योजनेची घोषणा झाल्यावर सुरू झाला, पीआयबीने तो पण खोटा ठरवलाय. या सगळ्यात घाई असते, आणि ती घाई हीच खूण. महावितरण एखाद्या साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून रात्री मेसेज करून वीज तोडत नाही.

दुसरा प्रकार भीतीचा. सीबीआय, पोलीस, आय-फोर-सी (गृह मंत्रालयाचं सायबर गुन्हे केंद्र) यांच्या लेटरहेडवर पीडीएफ येते की तुमच्या इंटरनेटवरून अश्लील साईट बघितल्यात, चोवीस तासांत उत्तर द्या नाहीतर अटक. उत्तर दिलं की व्हिडिओ कॉल, युनिफॉर्ममधला माणूस, आणि "डिजिटल अरेस्ट". भारताच्या कोणत्याच कायद्यात असली अटक नाही, २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनी सुद्धा हे स्पष्ट सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर चौकशी करून पैसे "व्हेरिफाय" करायला मागत नाहीत. एकटे राहणारे आईवडील असतील, मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात असतील, त्यांना हे आधीच सांगून ठेवा, आणि असं ठरवून ठेवा की कसलाही धमकीचा फोन आला की कट करायचा आणि घरच्या एका ठरलेल्या माणसाला लावायचा. फसवणारा सगळ्यात आधी "कुणाला सांगू नका" म्हणतो, कारण दुसऱ्या माणसाच्या कानावर गेलं की बहुतेक वेळा त्याचा डाव तिथेच मोडतो.

तुमचा जुना पासवर्ड विषयात लिहून "तुझा कॅमेऱ्यातला व्हिडिओ आहे, बिटकॉइन दे" असा मेल आला तर तो पासवर्ड कुठल्यातरी जुन्या साईटच्या डेटा चोरीतून आलेला असतो, व्हिडिओ वगैरे काही नसतं. उत्तर देऊ नका, पैसे तर नाहीच नाही. तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर बदला.

धंदा करणाऱ्यांनी पुढचा भाग लक्ष देऊन वाचा, कारण एकरकमी मोठे पैसे इथे जातात. तुमचा नेहमीचा सप्लायर, महिनोन्महिने मेलवर बोलणं चालू, आणि एक दिवस त्याच्याच मेलमध्ये, त्याच जुन्या थ्रेडमध्ये, खाली सगळा जुना पत्रव्यवहार असताना ओळ येते की आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे पेमेंट या नव्या खात्यावर करा. सोबत नवी इनव्हॉइस, रक्कम बरोबर, जीएसटी नंबर बरोबर, फक्त बँक वेगळी. हे जमतं कारण दोघांपैकी एकाचं मेल खातं आधीच फुटलेलं असतं आणि तो माणूस आठवडेच्या आठवडे शांतपणे वाचत बसलेला असतो, बिल कधी निघतं याची वाट बघत. यात पत्ता, भाषा, संदर्भ काहीच चुकीचं नसतं, त्यामुळे वरच्या सगळ्या कसोट्या इथे नापास. उपाय एकच, खाते क्रमांक बदलला की फोन करायचा, आणि तो पण मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर, आणि समोरच्या माणसाच्या तोंडून नवा नंबर ऐकायचा. शक्य असेल तर आधी एक रुपया पाठवून नाव कुणाचं दिसतं ते बघायचं.

साहेबाच्या नावाने पण असंच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटसारख्या कंपनीतून १ कोटी १ लाखाच्या वर रक्कम गेली, कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवरून. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं तर आपल्या पाच माणसांच्या ऑफिसात नक्कीच होऊ शकतं. तेव्हा अकाउंट्सला बसणाऱ्या मुलीला मालकाने स्वतः सांगायला हवं की ठरावीक रकमेच्या वरचं पेमेंट माझा आवाज ऐकल्याशिवाय करायचं नाही, आणि खात्री करायला फोन केलास तर मी कधीच चिडणार नाही. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. जिथे साहेब चिडतात तिथे स्टाफ विचारत नाही, आणि नेमकं तिथेच पैसे जातात.

मेल खातं आधी मजबूत करा

ईमेल म्हणजे घराच्या सगळ्या चाव्यांचा जुडगा. डीमॅट, शॉपिंग, सोशल मीडिया, कुठेही "फॉरगॉट पासवर्ड" दाबलं की लिंक येते ती मेलवर. म्हणून एखाद्या रविवारी अर्धा तास काढून हे करा.

गुगल अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर जा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा, आणि जमलं तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारं) किंवा पासकी (फोनच्या लॉकनेच लॉगिन) ठेवा, कारण तुमच्याच नंबरचं दुसरं सिमकार्ड काढून ओटीपी पळवतात. तुमच्या फोनची रेंज अचानक, काही कारण नसताना, बराच वेळ गेली आणि शेजारच्या माणसाच्या त्याच कंपनीच्या फोनला आहे, तर लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा. बॅकअप कोड काढा आणि कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून नका ठेवू. रिकव्हरीचा नंबर जुना बंद पडलेला तर नाही ना तेही बघा, बंद झालेले नंबर कंपन्या दुसऱ्याला देतात.

त्याच पानावर तुमचं खातं कोणकोणत्या डिव्हाइसवर चालू आहे ती यादी असते. ओळखीचं नसेल ते साईन आऊट करा. मग कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन टॅब उघडा, हे मोबाईल ॲपमध्ये सापडणार नाहीत. घुसलेला माणूस इथे गुपचूप नियम टाकतो की "बँक" शब्द असलेला मेल मला पाठव आणि मालकाला दाखवू नकोस, आणि मग तुम्ही पासवर्ड बदलला तरी तुमची पत्रं त्याला मिळतच राहतात. अनोळखी पत्ता किंवा न आठवणारा नियम दिसला तर काढून टाका, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन.

पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा पाहिजे, आणि ते डोक्यात राहणं शक्य नाही, तेव्हा पासवर्ड मॅनेजर वापरा, फोनमधलाच चालेल. त्याचा एक फायदा लोकांना माहीत नसतो. तो पासवर्ड साईटच्या खऱ्या पत्त्याला बांधलेला असतो, त्यामुळे हुबेहूब खोट्या पानावर तो स्वतःहून पासवर्ड भरत नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल तर हाताने टाईप करू नका, वर पत्ता वाचा.

आणि यूपीआयचं एकच लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. कुणी मदतीच्या नावाने एनीडेस्कसारखं स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, यावर रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

चुकून दाबलं गेलं, किंवा पैसे गेले, तर

नुसती लिंक उघडली आणि काहीच भरलं नाही तर घाबरू नका, पान बंद करा. पासवर्ड भरला असेल तर दुसऱ्या, स्वच्छ डिव्हाइसवरून ताबडतोब बदला, सगळीकडून साईन आऊट करा आणि वर सांगितलेलं फॉरवर्डिंग-फिल्टर तपासा. ॲप इन्स्टॉल झालं असेल तर आधी फोनचा नेट आणि वायफाय बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय ब्लॉक, आणि नंतर फोन फॅक्टरी रिसेट.

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ला फोन. पोलीस स्टेशन, ओळखीचा माणूस, नगरसेवक, सगळं नंतर. कारण असं आहे की चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, कुणा कॉलेजच्या पोराला चार पैसे देऊन भाड्याने घेतलेलं खातं, तिथून पुढच्या खात्यात, तिथून एटीएम किंवा क्रिप्टो. १९३० वर तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकेकडे जाते, रक्कम अजून तिथे असेल तर अडवली जाते, पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेकडे जाते. म्हणजे ही शर्यत मिनिटांची आहे. "घरात काय सांगू" या लाजेत एक रात्र गेली तर सकाळी अडवायला बहुधा काही उरत नाही, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याच गोष्टीचं वाटतं, पैसे वाचले असते पण माणूस लाजेने गप्प बसला.

फोन करताना हाताशी ठेवायचं ते म्हणजे तुमचा खाते क्रमांक, व्यवहाराचा युटीआर नंबर (बँकेच्या मेसेजमधला संदर्भ क्रमांक), तारीख-वेळ, रक्कम, आणि समोरचा नंबर किंवा यूपीआय आयडी. तक्रार नोंदली की पोचपावती क्रमांक मिळतो, तो घेऊन चोवीस तासांच्या आत सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार भरायची, स्क्रीनशॉटसकट. लाईन बिझी लागत असेल तर थांबू नका, थेट पोर्टलवर भरा. मेल, चॅट काहीही डिलीट करू नका. इन्कमटॅक्सच्या नावाचा मेल असेल तर तो वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर फॉरवर्ड पण करा, पैसे गेले नसले तरी.

मग बँकेत लेखी अर्ज, आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा, हे टाळू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवल्याप्रमाणे तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे खात्यातून पैसे गेले आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार दिलीत तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस झाले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून वेळ लिहिलेली पोच हवी. सहकारी बँकांसाठी पण त्याच वर्षी असंच परिपत्रक निघालं होतं, "आम्हाला लागू नाही" म्हणाले तर हे सांगा. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, तिथे पैसे ठेवताना हे डोक्यात असू द्या.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत आणि वकील पण लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. अडवलेली रक्कम परत मिळायला बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो, वेळ लागतो, तपास अधिकाऱ्याकडे पाठपुरावा करत राहावा लागतो. याच काळात एखादा फोन येईल की आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा त्याच टोळीचा नाहीतर दुसऱ्या टोळीचा माणूस असतो. काही भरू नका, तो नंबर लिहून घ्या आणि आपल्या तपास अधिकाऱ्याला द्या.